येशूला बोललेला नवस

मोहाचा वास गोड असतो, असं सगळे म्हणतात. मला तो आधी पोटात कळतो, नाकाला नंतर. काल वर्गात फळ्यावर बेरजा लिहीत होते. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली आणि हात थांबला. मुलींना वाटलं, बाई पुढचा आकडा विसरल्या. मागच्या बाकावरची एक उत्साहाने म्हणाली, "बाई, मोह पडून राह्यला जी!" तिला त्या वासात सुट्टी दिसत असणार, आजोळ दिसत असणार. मी "हो" म्हटलं आणि बेरीज पुरी केली. पण तळहाताला घाम फुटला होता. खडू ओला झाला होता.

चांद्याला नोकरीसाठी येऊन मला आता काही वर्षं झाली. या शहरात मोहाची झाडं कुठे उभी आहेत, मी कधी शोधलं नाही. मार्च उलटला की तीच मला शोधून काढतात.

आमचं गाव मूलच्या पलीकडे. भाताच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथे. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. रविवारी फादर आले नाहीत, आणि बहुतेक रविवारी ते येत नसत, तर प्रार्थना बाबाच चालवायचे. ख्रिस्ती घरं अगदी थोडी. बाकी गाव शेतकऱ्यांचं, आणि तलावाच्या काठाने मासे धरणाऱ्या ढिवरांचं. मी मात्र लहानपणापासून नागपूरला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात. तिथे बोलायचं इंग्रजीत, रागवायचं इंग्रजीत, आणि देवापुढे गुडघे टेकायचे तेही इंग्रजीत. सुट्टीत छोट्या लाइनीच्या गाडीतून उतरून घरी आले की आई दारातूनच ओरडायची, "आली वं माझी मडम!" सगळे हसायचे. मीही हसायचे. मग चुलीपुढे बसून तिच्या ताटात जेवायचे आणि दोन दिवस फार कमी बोलायचे, कारण कुठली भाषा आधी तोंडात येईल याची खात्री नसायची.

बोर्डिंगात आमच्या झोपायच्या खोलीच्या दारावर एक चित्र होतं. एक त्रिकोण, त्यात एक डोळा. खाटेवर कुठेही सरका, तो डोळा आपल्याकडेच. दिवा मालवताना सिस्टर मायेने म्हणायच्या, देव झोपत नाही. त्यांना धीर द्यायचा असे. मी चादर तोंडावर ओढून घ्यायचे आणि चादरीचा काही उपयोग नाही हे मला माहीत असायचं. सकाळची प्रार्थना, जेवणाआधीची, जेवणानंतरची, संध्याकाळची, एकही चुकवली नाही. सिस्टरांना वाटे, मुलगी भाविक आहे. कुणी विचारलं नाही आणि आपणहून सांगणाऱ्यांतली मी नव्हे. मी प्रार्थना करायचे ती हजेरी दिल्यासारखी. नाव पुकारलं की उभं राहायचं, म्हणजे छडी बसत नाही.

मॅट्रिकच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आईला हिवताप आला. अंगावर सगळ्या घराच्या गोधड्या घातल्या तरी तिचे दात वाजत होते. मग अंग असं तापलं की तिने मला ओळखलं नाही. माझ्याकडे बघून ती तिच्या मेलेल्या बहिणीचं नाव घेऊ लागली. बाबा क्विनाइन आणायला मूलला गेले. शेजारची गिरजाबाई तलावावरून येताना आत डोकावली. ओल्या लुगड्यानेच बसून आईचे तळपाय चोळू लागली.

"माहा पोरगा असाच तापला होता," ती म्हणाली. "मातामायले बोकड बोलली. उतरला ताप. तू बी बोल ना तुह्या देवाले."

हळदीचं दूध दे म्हणावं, इतक्या सहज ती हे सांगून गेली. मी भिंतीवरच्या क्रूसापुढे उभी राहिले. बोकड तर आमच्याकडे नव्हता, आणि आमचा देव बोकड घेत नाही एवढं मला शिकवलेलं होतं. मग तो घेतो काय? माझ्याकडे देण्यासारखं आहे काय? आत आई दात खात होती. मी म्हटलं, आईला वाचव, मी सिस्टर होईन. हे मी इंग्रजीत म्हटलं. त्याला मराठी येत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

ताप उतरला. आईने उठून पहिल्यांदा कोंबड्यांची चौकशी केली. घरात सगळे हसत होते आणि मी क्रूसाकडे पाठ करून उभी होते. त्याने ऐकलं होतं. म्हणजे आता सौदा पक्का झाला होता.

बोर्डिंगात परतल्यावर मी सिस्टरांना सांगितलं की मला तुमच्यात यायचं आहे. त्यांनी मला जवळ घेतलं, त्यांचे डोळे भरून आले. जूनमध्ये ये म्हणाल्या. त्यानंतर मी त्या बायकांकडे नीट बघू लागले. धोबीघाटाच्या दगडापाशी दोन तरुण सिस्टर बाह्या सारून चादरी पिळत होत्या आणि एकमेकींवर पाणी उडवून हसत होत्या. त्या आवडून आल्या होत्या, ते त्यांच्या हसण्यावरून कळत होतं. मी त्यांच्यातली नव्हते. मी बोकड होते.

परीक्षा संपवून घरी आले तेव्हा मोह लागला होता.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. मोहाचं झाड पानं गाळून उघडं होतं आणि मग त्याला फुलं धरतात, फिकट पिवळी, जाड, रसाने भरलेली. अंधार विरळ व्हायच्या आधीपासून ती पडू लागतात. टप. मग थोडा वेळ काही नाही. मग टप, टप. खालचा पाला आधीच जाळून जमीन साफ केलेली असते, त्या काळ्या राखेवर ती मोत्यांसारखी दिसतात. माणसं टोपल्या घेऊन जातात. अस्वलंही येतात, कारण मोह त्यांनाही तितकाच लागतो. म्हणून आमच्याकडची रीत अशी, की प्रत्येकीने आपल्या झाडाखाली वेचता वेचता मधूनमधून हाक द्यायची, नुसती "कूऽऽ". पलीकडच्या झाडाखालून दुसरीने तशीच द्यायची. काही सांगायचं नसतं. मी आहे, तू आहेस का, एवढंच. आणि अस्वलालाही कळतं की इथे माणूस आहे.

आमच्या वाट्याची झाडं नाल्याच्या अलीकडे. शाळेच्या पगारात घर चालत नसे, त्यामुळे आई दरवर्षी जायची. ईस्टरआधीचा ऐन उपवासकाळ होता. त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला लावलेली राख मी बोर्डिंगातच पुसून आले होते, आणि इथे पाहते तर आईचे पाय घोट्यापर्यंत राखेने काळे. ती निघाली की मी दारात उभी राहून वाटेकडे बघत राहायचे. जून अजून यायचा होता. मी अजून गेलेली नव्हते. मनातून मला जायचं नव्हतं, आणि त्या त्रिकोणातल्या डोळ्याला मन दिसतंच. त्याने आई नुसती परत दिली होती, तारणावर. तो ती केव्हाही मागे घेऊ शकत होता. आणि त्यासाठी जंगलासारखी सोयीची जागा कुठली?

"मी पण येते," मी म्हटलं.

"मडम मोह वेचनार?" आई म्हणाली. "चाल. हात चिकट होतीन, मंग रडू नोको."

मी तिच्याबरोबर जाऊ लागले. पहारा करायला जात होते, हे तिला सांगितलं नाही.

एके दिवशी धुकं होतं. आई पुढच्या झाडाखाली, मी अलीकडच्या, आणि गिरजाबाई नाल्यापलीकडे. आईची हाक आली, मी दिली, लांबून गिरजाबाईची आली. टोपलीचा तळ झाकला गेला. मी पुन्हा हाक दिली. गिरजाबाईची आली. आईची आली नाही.

मी थोडं थांबले. पुन्हा दिली. नाल्यापलीकडून गिरजाबाईने दिली आणि वर ओरडलीही, "काऊन वं, मास्तरीन झोपली का?" आईच्या झाडाखाली धुक्यात काहीच हलत नव्हतं. फुलं पडत होती तेवढी ऐकू येत होती.

त्या क्षणी मला अस्वल आठवलंच नाही. मला आठवला तो डोळा. तो आला, असं वाटलं. वसुलीला आला.  इतकी वर्षं पाठ केलेल्या प्रार्थनांतली एकही ओळ आठवेना. फक्त सौदा आठवत होता, आणि मी तो वाढवू लागले. जाईन, जूनमध्ये नक्की जाईन, परत घरी येणार नाही, आईला पुन्हा भेटणारही नाही, फक्त आत्ता नको.

मागून एक हात माझ्या तोंडावर आला. राखेचा, मोहाने चिकट झालेला. आई होती. तिने मला झाडाच्या बुंध्याशी ओढलं आणि बोटाने दाखवलं. तिच्याच झाडाखाली, ती जिथे वाकून वेचत होती तिथून चार हातांवर, काळं, केसाळ काहीतरी खाली डोकं घालून बसलं होतं. चपचप आवाज येत होता. आईने हाक दिली असती तर ते तिच्यावरच आलं असतं. म्हणून ती गप्प राहिली होती आणि वळसा घालून माझ्याकडे आली होती. आम्ही दोघी बुंध्याला चिकटून उभ्या राहिलो. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. किती वेळ, सांगता येणार नाही. मग अस्वल उठलं, अंग झटकलं, आणि आमच्याकडे न बघता नाल्याकडे निघून गेलं. आईने तेव्हा कुठे छाती फुटेल अशी हाक घातली, गिरजाबाईला सावध करायला.

घरी येताना ती हसत होती. "माह्या अर्ध्या मोहाचा फराळ केला मेल्यानं!" मी रस्त्याच्या कडेला बसले आणि ओकले. आईने पाठीवरून हात फिरवला. मग तिचं हसणं थांबलं.

"तेरू," ती हळूच म्हणाली, "तू अस्वलाले नाई भेली. अस्वल दिसायच्या आधीच तू पांढरीफटक होती. कशाले भेतं तू?"

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की ती कशाच्या बदल्यात जिवंत आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला जाऊ नको म्हणून अडवलं. ती टोपली डोक्यावर ठेवत म्हणाली, "घरी बसून पोट भरते का? का आभायातून पडते?" आणि मग स्वतःच थांबून, "हो वं, मोह तं आभायातूनच पडते," म्हणून हसत निघून गेली.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी फादर आले. ते वसईकडचे, वयाने थोर, अंगाने बारीक. सायकलवरून यायचे, आणि जंगलाचा पट्टा लागला की सायकलची घंटी जी वाजवू लागायचे ती गाव येईपर्यंत थांबायची नाही. ते भितात, हे पोराटोरांना माहीत होतं. घंटी ऐकू आली की गिरजाबाई म्हणायची, "आला तुमचा फादर, अस्वलाले रस्ता मांगत."

ईस्टरच्या आधी सगळ्यांनी पापांची कबुली द्यायची. आमचं देऊळ म्हणजे मातीच्या भिंतींची, कौलांची एक खोली. बोर्डिंगात कन्फेशनला लाकडी खोका होता, जाळीमागे परका पाद्री, आणि पुस्तकातून पाठ केलेली इंग्रजी पापं. इथे एका कोपऱ्यात बांबूचा तट्टा उभा केलेला. पलीकडे खुर्चीवर फादर, अलीकडे जमिनीवर आपण. आत बोललेलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून बाहेर कडुनिंबाखाली थांबलेली मंडळी मोठ्याने रोजरी, म्हणजे माळेच्या प्रार्थना, म्हणायची. आतला आवाज चढला की बाहेरचाही चढवायचा, ही जुनी शिस्त. फक्त बहिऱ्या पास्कूबाबाच्या वेळी ती उपयोगी पडत नसे. त्याला प्रायश्चित्त ओरडून सांगावं लागे, आणि मग सगळ्या गावाला कळे की यंदा पास्कूबाबाला किती प्रार्थना लागल्या. त्या दिवशीही तो बाहेर आला तेव्हा आईने विचारलं, "काऊन गा बाबा, एवढ्याच? सालभर का झोपून होता?" सगळे हसले. हसता हसता माझी पाळी आली.

गुडघे टेकले तेव्हा ठरवलं होतं की नेहमीचं सांगायचं. आळस, राग, प्रार्थनेत लक्ष नसणं. हेच फादर दुपारी आमच्याकडे जेवणार होते. बाबांबरोबर खाटेवर बसणार होते. तट्ट्याच्या फटीतून त्यांची चप्पल दिसत होती, तिचा अंगठा दोऱ्याने शिवलेला होता. कोण जाणे का, पण त्या दोऱ्याकडे बघता बघता तोंडातून निघून गेलं.

"फादर, मी येशूला नवस बोलले."

खुर्ची करकरली. "काय बोललीस?"

मी सांगितलं. मराठीत सांगताना ते फार छोटं आणि फार भयंकर वाटलं. बाहेर रोजरीचा आवाज वाढला, म्हणजे माझा वाढला होता.

"आणि आई बरी झाली."

"हो."

"मग रडतेस कशाला?"

"मला जायचं नाही, फादर. आणि नाही गेले तर तो तिला नेईल. परवा अस्वल आलं होतं. ते त्यानंच पाठवलं होतं."

पलीकडे ती शिवलेली चप्पल थोडी पुढे सरकली. मग ते म्हणाले, "अस्वल मोहासाठी आलं होतं, पोरी."

मी तळहाताने डोळे पुसले.

"त्या गिरजाबाईनं बोकड दिला, तेव्हा काय झालं?"

"जेवण. सगळ्या आळीला."

"ती रडत होती?"

"नाही. नाचत होती."

"मग तू नवससुद्धा अर्धाच शिकलीस." त्यांचा आवाज हसरा नव्हता, थकलेला होता. "त्यानं तुला मागितलं नव्हतं. तू भीतीनं दिलंस. भीतीनं दिलेलं माणूससुद्धा घेत नाही, घेतलं तर लाजतो. ते वचन सोडवायचं काम माझ्याकडे दे. जूनमध्ये जावंसं वाटलं तर आवडून जा. नाहीतर घरी राहा."

"पण भीती जाईल का?"

"माझी गेली नाही. मी घंटी का वाजवतो, ते गावाला माहीत आहे. वाजवून हात दुखला की मी त्याच्याशी बोलतो. म्हणतो, बघ, मी भितोय. तो काही बोलत नाही. पण एकट्यानं भिणं वेगळं आणि सोबत्याला सांगत भिणं वेगळं."

प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकही पाठ प्रार्थना दिली नाही. रोज थोडा वेळ त्याच्यापाशी बसायचं. काही मागायचं नाही. आईशी बोलतेस त्या भाषेत बोलायचं.

"काय बोलू?"

"आईशी काय बोलतेस?"

"काही नाही. असंच."

"तेच."

दुपारी ते आमच्याकडे जेवले. मी मान खाली घालून वाढत होते. त्यांनी जवसाची चटणी पुन्हा मागून घेतली, जणू सकाळी आम्ही भेटलोच नव्हतो.

अंगणात मोह वाळत घातलेला असे. दुपारी कोंबड्या आणि बकऱ्या हाकलायला काठी घेऊन कुणीतरी बसावं लागे. ते काम मी घेतलं आणि तीच माझी प्रार्थनेची वेळ झाली. इतकं अवघड काम मी आजवर केलेलं नाही. काही न मागता देवापुढे बसायचं म्हणजे रिकाम्या हाताने परक्याच्या घरी बसल्यासारखं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "ऊन बहुत आहे." मग घाबरून इकडेतिकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं की पांढरी कोंबडी खुडूक बसली आहे. मध्येच डोळा आठवायचा आणि अंग आकसायचं. मग तेही सांगायचे, "तुह्या डोळ्याचं मले भेव लागते." उत्तर यायचं नाही. पण सांगून झाल्यावर तो डोळा पहिल्यासारखा उघडा राहायचा नाही. कधी मिटल्यासारखा वाटे, कधी माझ्यासारखाच मोहाकडे बघत असल्यासारखा. ओळख अशीच होत असावी. एकदम होत नाही, आणि झाली ती कोणत्या दिवशी ते सांगता येत नाही.

जूनमध्ये मी बाबांबरोबर नागपूरला गेले आणि सिस्टरांना स्वतः सांगितलं की मी येणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. परतीच्या गाडीत मी सारखी बाबांना विचारत होते, आई बरी असेल ना?

आणि भादव्यात आईला पुन्हा ताप आला.

तेच दात वाजणं, त्याच गोधड्या, तेच डोळे मला न ओळखणारे. बाबा तसेच मूलला गेले. मी तिच्या उशाशी बसले आणि माझ्या आत सगळं एकदम उठलं. बघ, नाही गेलीस, बघ आता. घशापर्यंत शब्द आले होते. अजून वेळ गेलेली नाही, आत्ता म्हण, पुढच्या जूनमध्ये, नक्की. ते शब्द म्हणणं किती सोपं होतं! म्हटलं असतं तर निदान हातात काहीतरी धरायला राहिलं असतं. न म्हणता बसणं म्हणजे हात सोडून पुरात उभं राहणं. मी ओठ दातांखाली धरले. भिंतीवरच्या क्रूसाकडे बघण्याची हिंमत नव्हती. आईच्या हातावरची शीर बघत होते, आणि म्हणत होते, "भेव लागते. मले बहुत भेव लागते. तू इथीच बस." एवढंच, पुन्हा पुन्हा. तिला वाचव असंही म्हणाले, कारण पोरगी होते मी तिची. पण बदल्यात काही ठेवलं नाही.

तापाने तिला बरेच दिवस धरलं. मागच्या वेळेपेक्षा जास्त. त्यातल्या प्रत्येक दिवशी मला वाटत होतं की चूक माझी आहे, आणि प्रत्येक दिवशी मी ते त्यालाच सांगत होते, दुसरं कुणी नव्हतंच. मग एका सकाळी आईच्या कपाळावर घाम आला. दुपारी तिने डोळे उघडले, मला पाहिलं आणि ओळखलं.

"काऊन रडून राह्यली?" ती म्हणाली. आवाज कागदासारखा झाला होता. "मी मेली का?"

"नाई."

"मंग आंबील कर. तोंड कडू झालं."

मी चुलीपाशी गेले. पीठ कालवलं, गाडगं ठेवलं, आणि ढवळता ढवळता माझ्या ध्यानात आलं की या वेळी कुणी कुणाचं काही देणं लागत नाही. मागच्या वर्षी ती बरी झाली तेव्हा मी आभार मानलेच नव्हते. सौद्यात आभार कुठले? जेवणानंतरची आभाराची प्रार्थना आयुष्यभर म्हटली होती, पण आभार मानायची वेळ माझ्यावर ही पहिलीच. मला शब्द सापडेनात. मी चुलीतल्या जाळाकडे बघत, नाक पुसत, आईच्या बोलीत काहीबाही बोलत राहिले.

"कोनाशी बोलून राह्यली वं?" आतून आईने विचारलं.

एरवी मी कुणाशी नाही म्हटलं असतं.

"देवाशी."

गोधडी सारल्याचा आवाज आला. "बोल," ती म्हणाली. "पन आंबील करपू देऊ नोको."

आंबील करपली होती. तिने सगळी संपवली.